गिरणीचा शेअर, चौकटीसह

बाबांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होणार होती आणि त्यांना काय द्यावे यावर घरात महिनाभर खल चालला होता. शाल, घड्याळ, चांदीची वाटी हे सारे त्यांना आधीच्या समारंभांत मिळून गेले असून कपाटाच्या वरच्या फळीवर मूळ खोक्यांसह पडून आहे. न्यू जर्सीला राहणाऱ्या माझ्या भावाने सुचवले, की बाबांनी ज्या गिरणीत १९६८ पासून १९८२ च्या संपापर्यंत साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवले, त्या गिरणीचा एखादा शेअर मिळत असेल तर तो फ्रेम करून द्यावा. ही कल्पना त्याला सुचली ती त्याच्या घरातल्या भिंतीवरून. २००९ मध्ये त्याच्या मुलीच्या बारशाला तिथल्या एका स्नेह्याने डिस्ने कंपनीचा एकच शेअर चौकटीत बसवून दिला होता. कागदावर कार्टूनमधली पात्रे होती, खाली मुलीचे नाव होते आणि तो शेअर कंपनीच्या नोंदवहीत खरोखरच तिच्या नावावर चढलेला होता. लाभांश म्हणून काही सेंटांचा धनादेश घरी आला की माझी वहिनी तो हसत हसत जपून ठेवत असे. असा एकेक शेअर विकत घेऊन, पालकाच्या देखरेखीखाली मुलाच्या नावे नोंदवून, फ्रेमसह घरपोच देणाऱ्या सेवा अमेरिकेत बरीच वर्षे चालल्या. शेअरच्या भावापेक्षा चौकट आणि नोंदणी यांचाच खर्च जास्त होई. ऑक्टोबर २०१३ पासून डिस्नेने कागदी प्रमाणपत्रे देणे थांबवले आणि त्या भेटीतली अर्धी गंमत गेली.

आपल्याकडे ही गंमत त्याहून आधी ओसरू लागली होती. १९९६ च्या डिपॉझिटरीज कायद्यानंतर शेअर डिमॅट, म्हणजे संगणकीय नोंदीच्या, खात्यात गेले आणि १ एप्रिल २०१९ पासून तर सूचिबद्ध, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपनीचा कागदी शेअर, वारसाहक्कासारखे थोडे अपवाद सोडले तर, एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करताच येत नाही. त्यामुळे आज भारतात ‘फ्रेम केलेला शेअर’ म्हणून जे विकले जाते, तो बहुतेक वेळा एखाद्या जुन्या कंपनीचा जुना कागद असतो. तो कागद तुमचा होतो. त्यावर लिहिलेला शेअर तुमचा होत नाही. हा फरक मला ठाऊक होता, कारण बँकेत नोकरी करताना शेअरच्या तारणावर दिलेल्या कर्जांचे कागद मी वर्षानुवर्षे हाताळले आहेत. ज्या दुकानातून मी ही वस्तू घेतली त्याच्या जाहिरातीत मात्र हा फरक कुठेही सांगितलेला नव्हता, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे.

हे दुकान जुनी नाणी, टपाल तिकिटे, मुद्रांक आणि कंपन्यांचे कागद यांचा ऑनलाइन व्यवहार करते. त्याचे नाव मी लिहीत नाही, कारण तक्रार केल्यावर त्यांनी ती नीट ऐकून घेतली. गिरणीचे नावही लिहीत नाही, कारण त्या नावावरून दुकान सहज सापडेल. फोनवर बोलणारे गृहस्थ आपल्या विषयातले जाणकार होते. मी गिरणीचे नाव सांगताच त्यांनी ‘ताई, मॅनेजिंग एजंटांच्या काळातला हवा की नंतरचा?’ असा प्रश्न केला आणि माझा अर्धा संशय तिथेच फिटला. मॅनेजिंग एजन्सीची, म्हणजे कंपनीचा कारभार एखाद्या पेढीकडे सोपवण्याची, पद्धत एप्रिल १९७० मध्ये कायद्याने बंद झाली, तेव्हा ज्या कागदावर मॅनेजिंग एजंट पेढीची सही आहे तो त्यापूर्वीचा असलाच पाहिजे. मी जुना मागितला. दोन्ही बाजूंची छायाचित्रे त्याच संध्याकाळी आली. कागदाचे १,६०० रुपये, चौकटीचे १,५५० आणि कुरिअरचे २५०, असा एकूण ३,४०० रुपयांचा व्यवहार झाला. आठवडाभरात पार्सल घरी आले. काचेच्या चारही कोपऱ्यांना जाड पुठ्ठा लावलेला होता आणि कुठे ओरखडाही नव्हता.

कागदाविषयी मला काहीही वाईट म्हणायचे नाही. तो १९५१ चा आहे. माथ्यावर कंपनीची स्थापना १८८२ च्या कंपनी कायद्याखाली झाल्याचे छापले आहे, डाव्या हाताला आण्यांतल्या किमतीचा मुद्रांक आहे, दोन संचालकांच्या आणि मॅनेजिंग एजंटांच्या सह्या दौतीच्या शाईत आहेत, आणि उजव्या कोपऱ्यात कंपनीचा उठावाचा शिक्का आहे. जुन्या कागदाची रंगीत नक्कल करून विकण्याचे प्रकार चालतात, म्हणून चौकट उघडून मी भिंगाखाली पाहिले: नकलेत रंगांचे बारीक ठिपके दिसतात, इथे रेषा अखंड होत्या. शिक्क्यावरून बोट फिरवल्यावर मागच्या बाजूला त्याचा खळगा जाणवला, आणि सहीची शाई कागदात मुरून पाठीमागे फिकट तपकिरी उमटलेली होती. ही तीन लक्षणे कोणालाही घरी तपासता येतील.

जाहिरातीत ‘एक शेअर’ असे म्हटले होते, पण प्रमाणपत्र दहा शेअरचे आहे. यात फसवणूक नाही. त्या काळी बाजारात शेअरची खरेदी-विक्री ठरावीक लॉटमध्ये होत असे आणि प्रमाणपत्रेही बहुधा तशीच निघत. एकट्या शेअरचा कागद क्वचित, जुन्या भागधारकांना जादा मिळणाऱ्या हक्कभाग किंवा बोनस शेअरच्या वाटपात तुकडा उरला तर निघे. मात्र ‘एक शेअर भेट द्या’ असे लिहिणाऱ्याने कागद दहाचा आहे हे सांगायला हवे होते. आईने यावर ‘एक शेर म्हणून आणला आणि निघाला दहा शेर, म्हणजे वजनात तरी फायदाच’ असा शेरा मारला, कारण तिच्या पिढीला शेअर हा शब्द अजून ‘शेर’ असाच ऐकू येतो.

खरी अडचण चौकटीखालच्या पितळी पट्टीची होती. ‘भेटीवर नाव कोरून देऊ’ असे दुकानाने सांगितले तेव्हा मी बाबांचे नाव आणि वाढदिवसाची तारीख कळवली. पट्टीवर प्रत्यक्षात बाबांचे नाव आणि त्याखाली ‘सन्माननीय भागधारक’ असे कोरून आले. सोबत सोनेरी कडांचे एक मानपत्रही होते, त्यातही ते कंपनीचे ‘मालक’ झाल्याचे अभिनंदन होते. प्रमाणपत्रावर मात्र १९५१ मधल्या एका बाईंचे नाव आहे आणि पाठीमागच्या हस्तांतराच्या रकान्यांत तीन नोंदी आहेत, त्यांतली शेवटची १९६४ ची. ज्याने चौदा वर्षे दोन पाळ्यांत साचे चालवले, आणि संप फिसकटल्यावर ज्याच्या हातात धड हिशेबही पडला नाही, त्याच्या छातीवर ‘भागधारक’ हा बिल्ला लावणे मला थट्टेसारखे वाटले. दुसऱ्या एखाद्या ग्राहकाला ही पट्टी खरीही वाटेल, आणि तो उद्या कंपनीच्या निबंधकाकडे लाभांश विचारायला जाईल.

शिवाय लाभांश देणार कोण? आमची गिरणी सरकारने ऑक्टोबर १९८३ मध्ये ताब्यात घेतलेल्या मुंबईतल्या १३ गिरण्यांपैकी होती. १९९५ च्या कायद्याने राष्ट्रीयीकरण झाले ते गिरणीचे, म्हणजे जमीन, इमारती आणि यंत्रांचे. ती सारी मालमत्ता पुढे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. कंपनी नावाची कायदेशीर व्यक्ती तेवढी मागे राहिली, रिकाम्या खोळीसारखी. त्यामुळे या कागदाला बाजारभाव नाही, आणि जो भाव मी दिला तो संग्राहकाचा आहे. जुन्या कागदांच्या बाबतीत नेहमीच असे नसते. कंपनी दुसऱ्या चालत्या कंपनीत विलीन झालेली असेल तर आजोबांच्या नावचा पिवळा पडलेला कागदही वारसांसाठी मोलाचा ठरू शकतो. सलग सात वर्षे लाभांश न घेतल्यास असे शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात आणि तिथूनही ते मागता येतात. हा हक्क नोंदवहीतल्या नावाचा आणि त्याच्या वारसांचा असतो, कागद हाती असलेल्या ग्राहकाचा नसतो. तेव्हा माळ्यावरची ट्रंक अशा दुकानाला विकण्यापूर्वी आतले एकेक नाव तपासून घ्यावे.

मी फोन केला, पट्टीविषयी स्पष्ट बोलले. गृहस्थांनी वाद घातला नाही. ‘लोकांना ते आवडतं हो ताई,’ असे ते म्हणाले, आणि पाच दिवसांत नवी पट्टी विनामूल्य पाठवली. तिच्यावर आता बाबांचे नाव, ‘साचा खाते’ आणि १९६८–१९८२ ही वर्षे आहेत. जाहिरातीतला मजकूर मात्र मी हे लिहीपर्यंत तसाच आहे.

चौकटीविषयी थोडे कठोर बोलावे लागेल, कारण १,५५० रुपयांत मुंबईत याहून बरे काम होते. काच थेट कागदाला टेकलेली होती. पावसाळ्यात हवेतला ओलावा आत शिरला की असा कागद काचेला चिकटतो आणि सोडवताना शाई काचेवर राहते. मागे साधे हार्डबोर्ड आणि कागदाच्या वरच्या कडेला पारदर्शक चिकटपट्टी लावलेली होती; ती पट्टी काही वर्षांत तपकिरी डाग पाडते आणि मग कशानेही निघत नाही. दादरच्या एका फ्रेमवाल्याकडून मी सारे नव्याने करून घेतले: आम्लमुक्त पुठ्ठ्याचा माउंट, कागद आणि काच यांच्यात अंतर, गोंदाऐवजी कोपऱ्यांना कागदी खिसे. आणखी ९०० रुपये गेले. पाठीमागेही काच लावायला सांगितली, कारण हस्तांतराच्या नोंदी झाकल्या गेल्या तर या कागदाची निम्मी गोष्ट भिंतीकडे तोंड करून बसते. हा पर्याय दुकानाने स्वतःहून द्यायला हवा. लॅमिनेशनचा पर्याय मात्र त्यांनी यादीत ठेवला आहे, तो कोणीही चुकूनसुद्धा घेऊ नये.

बाबांनी चौकट हातात घेतल्यावर पुढची बाजू फारशी पाहिलीच नाही. त्यांनी ती उलटी केली, चष्मा पुसला आणि मागची तीन नावे मोठ्याने वाचली. मग म्हणाले, ‘यातलं कोणी कधी खात्यात आलं नसेल. आवाज ऐकूनच परत गेले असते.’ थोड्या वेळाने त्यांनी विचारले, की शंभर रुपयांचे दहा शेअर म्हणजे हजार रुपये, तर १९५१ मध्ये साचेवाल्याला हजार मिळायला किती महिने लागत असतील. आणि उत्तराची वाट न पाहता ते स्वतःच बोटांवर हिशेब करू लागले.

ज्यांना खरा, चालत्या कंपनीचा शेअर द्यायचा आहे त्यांना या दुकानाचा उपयोग नाही, आणि त्यासाठी दुकानाची गरजही नाही. नणंदेच्या मुलाच्या मुंजीत आम्ही तसे केले. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाचे डिमॅट खाते पालकाच्या सहीने उघडता येते. त्याचे पॅन कार्ड लागते. मग आपल्या खात्यातला एक शेअर डिलिव्हरी इन्स्ट्रक्शन स्लिप, म्हणजे शेअर दुसऱ्या खात्यात पाठवण्याची चिठ्ठी, भरून, कारणाच्या रकान्यात भेट असे नमूद करून त्याच्या खात्यात पाठवायचा; मोबदला नसल्याने मुद्रांक शुल्क लागत नाही, डिपॉझिटरी पार्टिसिपंटचे, म्हणजे डिमॅट खाते सांभाळणाऱ्या बँकेचे किंवा दलालाचे, किरकोळ शुल्क तेवढे पडते. जवळच्या नातेवाइकांनी दिलेल्या भेटीवर घेणाऱ्याला प्राप्तिकर नाही. मित्रमंडळींकडून वर्षभरात ५०,००० रुपयांवर भेटी गेल्या तर आहे. ‘एकच तर शेअर’ असे म्हणण्यापूर्वी भाव पाहावा, कारण एमआरएफच्या एका शेअरने जून २०२३ मध्ये लाखाचा आकडा ओलांडला होता. चौकटीत लावायला आम्ही कंपनीचे नाव, मुलाचे नाव आणि तारीख एवढेच सुलेखनात लिहून घेतले. होल्डिंग स्टेटमेंटच फ्रेम करणारेही पाहिले आहेत, पण त्यावर खाते क्रमांक आणि पॅन असतो आणि दिवाणखान्यात येणारा प्रत्येकजण तो वाचतो.

दुकानाला गुण द्यायचे तर कागदाच्या निवडीला आणि माहितीला मी पाचपैकी साडेचार देईन, चौकटीला दीड, आणि जाहिरातीतल्या भाषेला शून्य. कागद सुटा मागवावा, दोन्ही बाजूंची छायाचित्रे आधी पाहावीत, पट्टीवरचा मजकूर अक्षरशः लिहून कळवावा आणि फ्रेम आपल्या ओळखीच्या माणसाकडे करावी. मानपत्र नको म्हणून सांगितले तर ते पाठवत नाहीत. आमच्याकडे आलेले सोनेरी कडांचे मानपत्र आईने किराणा मालाची यादी लिहायला घेतले आहे. कागद जाड आहे आणि मागची बाजू कोरी आहे.