विंडोज ७ वर फायरफॉक्स ११५ : आठ महिन्यांचा अनुभव, आणि सगळा ताप एका सेलने दिला

सातपूरला आमचं छोटं हार्डवेअरचं दुकान, बिलिंगला २०१० चा डेस्कटॉप. बँकेची साईट एक दिवस उघडेनाच, ब्राउझर टीएलएस १.२ (साईटशी सुरक्षित बोलायची पद्धत) चालवत नाही म्हणे. इंटरनेट एक्सप्लोरर ८ होतं ते. एमजी रोडवरच्या एकाने मशीन न उघडताच अठ्ठावीस हजारांचं कोटेशन हातात दिलं, मी ते घडी करून खिशात घातलं आणि घरी आलो.

भाचा म्हणाला, मामा, ऑप्शन्समधे ॲडव्हान्स्ड टॅबला टीएलएस १.२ ची टिक असते, आठमधे ती बंदच असते. टिक मारली, साईट उघडली पण पानं वाकडीतिकडी. मग त्यानेच फायरफॉक्स ११५ ईएसआर (जास्त काळ अपडेट मिळणारी आवृत्ती) टाकलं. क्रोम विंडोज ७ वर १०९ ला अडकलंय, या फायरफॉक्सला निदान सुरक्षेचे अपडेट येत राहिले. तेव्हा बँकेला शिव्या घातल्या होत्या, आता मागे घेतो. १.२ हे २००८ चं, मोठ्या ब्राउझरांनी १.० आणि १.१ बंद केलं २०२० मधे, मीच झोपलो होतो.

सात महिने मक्खन. मग एका सकाळी सगळ्याच साईटवर 'कनेक्शन सुरक्षित नाही'. फायरफॉक्स काढलं, परत टाकलं, राउटर बंद-चालू केला, नेटवाल्याशी भांडलो. दुपारी गिऱ्हाईक पंपाचं बिल घेऊन परत आलं, "शेठ, विकतानाच वॉरंटी संपवली का?" बिलावर तारीख १ जानेवारी २००९! साईटची ओळख पटवणारं एक सर्टिफिकेट असतं, त्यावर ते कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं, कॉम्प्युटर २००९ मधे बसला की आजचं सर्टिफिकेट त्याच्या लेखी अजून जन्मालाच आलेलं नाही. तारीख तपासा असं स्क्रीनवर खाली लिहिलं होतं म्हणे, तेवढं वाचायचा धीर कोणाला.

मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सीआर २०३२ सेल मेला होता. आणि लाईट वाचावी म्हणून मी रोज रात्री भिंतीवरच्या बोर्डावरून बटण बंद करतो, त्यामुळे रात्रभर घड्याळ त्या एकट्या सेलवर! बटण चालू ठेवलं असतं तर एवढ्यात कळलंही नसतं. रविवार कारंज्यावरून तीस रुपयांचा आणला, तारीख लावली, सगळं चालू. फायरफॉक्सला साडेचार तारे, अर्धा कापला कारण ती सूचना मोठ्या अक्षरात हवी होती.

बटण अजूनही रोज रात्री बंदच करतो. दुसरा सेल आणून गल्ल्यात ठेवलाय.