कपाटातल्या बागेसाठी पहिला ग्रो लाइट : १०० वॉटच्या पांढऱ्या बोर्डाचं परीक्षण

रिकाम्या कपाटात लेट्यूस, बेसिल, कोथिंबीर किंवा मिरचीची दोन झाडं वाढवायची असतील, तर कुंडी, माती, खत या सगळ्याच्या आधी दिवा ठरवावा. कपाटाचं तापमान, झाडाला मिळणारी उंची, पाणी किती वेळा घालायचं आणि महिन्याचं वीजबिल, चारही गोष्टी दिव्यावरून ठरतात. इथे साधारण ६० बाय ६० सेंटिमीटर तळाचं आणि १५० सेंटिमीटर उंचीचं कपाट गृहीत धरलं आहे. आमचा कौल आधीच सांगतो : एवढ्या कपाटासाठी खरोखर १०० वॉट ओढणारा, डिमर (उजेड कमी-जास्त करायची खुंटी) असलेला पांढरा एलईडी बोर्ड, म्हणजे पांढरे एलईडी बसवलेली सपाट पाटी, घ्या आणि पालेभाजीसाठी तो अर्ध्याच ताकदीवर चालवा.

खोक्यावरचे आकडे वाचताना बहुतेक जण फसतात. ‘१००० वॉट’ असं ठळक छापलेला दिवा प्रत्यक्षात १०० ते १५० वॉटच ओढतो, कारण तो आकडा आतल्या एलईडींच्या कमाल क्षमतेची बेरीज असतो किंवा जुन्या सोडियम दिव्याशी केलेली तुलना असते. ल्युमेनही उपयोगाचे नाहीत. ते माणसाच्या डोळ्याला किती उजेड दिसतो ते मोजतात, आणि आपल्या डोळ्याला हिरवा-पिवळा प्रकाश लाल-निळ्यापेक्षा कितीतरी जास्त जाणवतो. पाहायचे ते तीन आकडे : प्लगमधून प्रत्यक्ष ओढले जाणारे वॉट, दिवा दर सेकंदाला सोडतो ते मायक्रोमोल (झाडाला उपयोगी प्रकाशकण मोजायचं एकक) म्हणजे पीपीएफ, आणि या दोघांचा भागाकार म्हणजे एका जूलमागे किती मायक्रोमोल. चांगला पांढरा बोर्ड २.५ च्या आसपास किंवा वर असतो. हे आकडे ज्या विक्रेत्याने कुठेच दिलेले नाहीत, त्याचा दिवा दिसायला कितीही भक्कम असला तरी सोडून द्या.

आता हिशोब. १०० वॉट गुणिले २.५ म्हणजे सेकंदाला २५० मायक्रोमोल. कपाटाचा तळ ०.३६ चौरस मीटर. भागाकार केला तर चौरस मीटरला सुमारे ६९० येतात. त्यातला साधारण पाचवा हिस्सा भिंतींत आणि फटींत जातो असं धरलं, तरी झाडाच्या शेंड्याशी ५५० च्या आसपास उरतात. एका चौरस मीटरवर सेकंदाला पडणाऱ्या मायक्रोमोलचा हाच आकडा म्हणजे पीपीएफडी, आणि मिरचीला तो पुरून उरतो.

पण झाडाला एका क्षणाच्या प्रकाशापेक्षा दिवसभराची बेरीज महत्त्वाची असते. पीपीएफडीला तासांनी गुणा, मग ०.००३६ ने गुणा. दिवसाचे मोल हाती येतात. लेट्यूसला १२ ते १७ मोल पुरतात. २५० मायक्रोमोल आणि १६ तास धरले की १४.४ होतात, म्हणजे बोर्ड निम्म्यापेक्षा कमी ताकदीवर. मिरची आणि टोमॅटोला २० ते ३० हवेत. ४०० वर १६ तास दिले की २३ मिळतात. तासांच्या बाबतीत मात्र सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. पालक आणि कोथिंबीर यांना मोठा दिवस मिळाला की त्या पानं द्यायचं सोडून तुऱ्यावर येतात, म्हणून त्यांना १२ तासच द्या आणि प्रकाश थोडा वाढवा. टोमॅटोला चोवीस तास उजेड दिला तर पानं पिवळी पडून डागाळतात. वाढ दुप्पट होईल या आशेने टायमर काढून टाकणाऱ्यांच्या हाती हेच येतं.

बाजारात या वर्गातलं सर्वांत परिचित नाव स्पायडर फार्मरचं एसएफ-१०००. सपाट ॲल्युमिनियम पाटी, तिच्यावर सॅमसंगचे एलएम३०१ मालिकेतले पांढरे एलईडी, अधूनमधून ६६० नॅनोमीटरचे गडद लाल, मीन वेल कंपनीचा ड्रायव्हर (प्लगमधली वीज एलईडीला चालेल अशी करून देणारा डबा) आणि डिमरची खुंटी. पंखा नाही, त्यामुळे आवाज नाही आणि धूळ अडकून बंद पडणारा भागही नाही. बेडरूममधल्या कपाटासाठी ही मोठीच सोय. मार्स हायड्रोचा टीएस-१००० हा १५० वॉटचा, टोपीसारख्या परावर्तकाचा. प्रकाश खाली एकवटतो हे खरं, पण ६० च्या कपाटात तो गरजेपेक्षा मोठा आहे आणि जास्तीची उष्णता पदरात पडते. ७५ सेंटिमीटरच्या तळासाठी तो बरा. एसी इन्फिनिटीचा आयनबोर्ड एस२२ पुन्हा १०० वॉटचा. त्याच कंपनीच्या कंट्रोलरला तो आणि पंखा दोन्ही जोडता येतात, पण पहिल्या बागेला इतकी जोडणी लागत नाही. आमची पसंती एसएफ-१००० सारख्या साध्या बोर्डाला. नाव दुसरं असलं तरी चालेल. डिमर, नावाजलेल्या कंपनीचा ड्रायव्हर आणि स्वतंत्र मोजणीचा आलेख एवढं असावं.

आलेख म्हणजे बोर्डाखाली चौकटी आखून प्रत्येक चौकटीत मोजलेला पीपीएफडी. तो बघताना मधला मोठा आकडा सोडा, कोपऱ्यातले बघा. चौकोनी बोर्डाची खरी कमजोरी इथेच आहे : कमी उंचीवर मध्ये ७०० आणि कोपऱ्यात ३०० असं सहज होतं. मधलं झाड करपतं, कडेची लांबुडकी होतात. बोर्ड थोडा वर घ्या आणि भिंती मॅट पांढऱ्या रंगाने रंगवा, म्हणजे फरक बराच कमी होतो. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल लावू नका. सुरकुत्यांमुळे ती प्रकाश कुठेही फेकते, सुटून तारांवर पडली तर शॉर्टसर्किटचं भय वेगळंच. ज्यांना फक्त पालेभाजीच घ्यायची आहे आणि कपाटात दोन कप्पे करायचे आहेत, त्यांच्यासाठी बोर्डापेक्षा पट्टीसारखे एलईडी बार चांगले : प्रकाश सारखा पसरतो आणि २० सेंटिमीटरवरही चालतात.

जांभळा, म्हणजे फक्त लाल आणि निळे एलईडी असलेला दिवा घेऊ नका, हे आम्ही ठासून सांगतो. पानातलं हरितद्रव्य काढून द्रावणात तपासलं की लाल आणि निळा जास्त शोषले जातात, त्यावरून ‘झाडाला हिरवा लागतच नाही’ असं मानलं गेलं. कीथ मॅक्री यांनी १९७२ साली २२ पिकांच्या जिवंत पानांवरची मोजणी प्रसिद्ध केली, आणि हिरव्या प्रकाशावरही प्रकाशसंश्लेषण चांगलं चालतं हे त्यातून दिसलं. उलट हिरवा प्रकाश पानांच्या थरांतून खोल जातो, खालच्या पानांना पोचतो. आणि रोजच्या वापरातली अडचण याहून मोठी : जांभळ्या उजेडात पिवळं पडलेलं पान, मावा, बुरशीचा पांढुरका थर यातलं काहीच नीट दिसत नाही. झाड आजारी आहे हे कळेपर्यंत आठवडा गेलेला असतो.

टी-५ ट्यूब (बारीक फ्लूरोसेंट नळ्या) रोपं उगवायला अजूनही ठीक, पण त्याच विजेत निम्म्याहून कमी प्रकाश देतात. सोडियमचा दिवा कपाटात नकोच. त्याचा काचेचा बल्ब शेकडो अंशांपर्यंत तापतो आणि भोवती लाकूड असतं.

उष्णतेबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे : एलईडी गार असतो. १०० वॉट ओढणारा कोणताही दिवा बंद कपाटात शेवटी जवळपास १०० वॉटचीच उष्णता सोडतो, कारण प्रकाशही पानांवर आणि भिंतींवर पडून उष्णताच होतो. एलईडीचा फायदा असा की तेवढाच प्रकाश कमी वॉटमध्ये मिळतो. म्हणून दार बंद ठेवणार असाल तर वरच्या कोपऱ्यात हवा बाहेर फेकणारा १० सेंटिमीटरचा पंखा हवा आणि खाली आत येणाऱ्या हवेसाठी त्याहून मोठं छिद्र. पंखा चालू असताना दाराच्या फटीशी कागदाची पट्टी धरा. ती आत ओढली गेली की हवा बरोबर वाहते आहे. ड्रायव्हर सुटा करता येत असेल तर तो कपाटाबाहेर ठेवा. बोर्डालाच पक्का बसवलेला असेल तर वरच्या फळीपासून १० ते १५ सेंटिमीटर मोकळी जागा सोडा.

या जागेचाही हिशोब आधीच मांडा. १५० मधून कुंडीचे २०, बोर्डाच्या वरची जागा १५ आणि बोर्ड ते शेंडा ४० वजा केले की झाडाला ७५ सेंटिमीटर उरतात. बुटकी मिरची बसते, वेलासारखा वाढणारा टोमॅटो बसत नाही.

बोर्ड रॅचेट (दोरी ओढली की तिथेच अडकवून धरणारी कडी) असलेल्या दोऱ्यांवर टांगा, म्हणजे एका हाताने वरखाली होतो. बी रुजल्यावर ६० सेंटिमीटर आणि २५ टक्के ताकद. खरी पानं (बियातून आलेल्या पहिल्या दोन पानांनंतरची) फुटली की ४५ सेंटिमीटर आणि ४० टक्के. लेट्यूस शेवटपर्यंत इथेच राहू द्या. मिरचीला दर तीन-चार दिवसांनी दहा टक्के वाढवत ७० ते ८० पर्यंत न्या, एकदम नाही. वायर सॉकेटमध्ये जाण्याआधी खाली लोंबून मग वर जाईल अशी सोडा. पाणी ओघळलं तर त्या खालच्या वळणावरून टपकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. टायमर स्वस्तातला घेऊ नका. चालू होताना ड्रायव्हर क्षणभर खूप जास्त करंट ओढतो, हलक्या टायमरच्या रिलेचे, म्हणजे आतल्या स्विचचे, पॉइंट चिकटून बसतात आणि दिवा रात्रभर जळत राहतो. पूर्ण ताकदीवर १६ तासांना दिवसाला १.६ युनिट जातात, महिन्याला ४८. अर्ध्या ताकदीवर साधारण निम्मे.

पीपीएफडी मोजणारं यंत्र पहिल्या दिवशी लागत नाही. फोनमधल्या लक्स मीटरचा आकडा पांढऱ्या एलईडीसाठी ६५ ने भागला की अंदाज येतो. १५,००० लक्स म्हणजे साधारण २३०. फोन शेंड्याच्या पातळीवर आडवा धरा, सेन्सर दिव्याकडे. आकडा काटेकोर नसतो, पण मधला आणि कोपऱ्यातला फरक त्यात स्पष्ट दिसतो. जांभळ्या दिव्याखाली हा भागाकार चालत नाही.

बिघाड ओळखताना पान कुठलं आहे ते आधी बघा. सगळ्यात वरची, दिव्याला सगळ्यात जवळची पानं फिकट, पांढरट होत असतील आणि खालची हिरवीगार असतील, तर प्रकाश जास्त आहे. खत वाढवू नका, डिमर कमी करा. खालची पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्राची कमतरता किंवा पाणी जास्त. लेट्यूसच्या गाभ्यातल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी होतात तेव्हा मातीत कॅल्शियम असूनही ते तिथवर पोचत नसतं : वाढ वेगाने होते, पण दाट गाभ्यातून बाष्प उडत नाही आणि पाण्याबरोबर येणारं कॅल्शियम अडतं. छोटा पंखा थेट गाभ्यावर वारा घालेल असा लावा आणि प्रकाश कमी करा. टोमॅटो किंवा मिरचीच्या पानांखाली बारीक फोडांसारखे दाणे उठले तर किडीचं औषध मारायची घाई नको. बऱ्याचदा दमट हवा आणि सतत ओली माती हेच कारण असतं. रोप उंच आणि बारीक होऊन झुकत असेल तर बोर्ड पाच-पाच सेंटिमीटर खाली आणा.

कपाट ६० बाय १२० चं असेल तर एक २०० वॉटचा चौकोनी बोर्ड मध्ये टांगण्यापेक्षा १०० वॉटचे दोन घ्या. टोकं अंधारी राहत नाहीत, एका बाजूला पालक आणि दुसरीकडे मिरची वेगवेगळ्या ताकदीवर ठेवता येते, मध्ये पडदा टाकला तर तासही वेगळे देता येतात. घेताना ड्रायव्हर स्क्रूने सुटतो का आणि त्याच्या लेबलवर व्होल्टेज व करंट छापले आहेत का ते बघा. एलईडी सहसा वर्षानुवर्षं टिकतात, आधी जातो तो ड्रायव्हर. त्याच आकड्यांचा दुसरा मिळाला की बोर्ड पुन्हा चालू होतो.