स्टफिंग: टर्कीच्या पोटात की ट्रेमध्ये?

अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंग या सणाच्या टेबलावर मधोमध टर्की असली, तरी दुसऱ्यांदा मागून घेतले जाते ते बहुधा स्टफिंग. जिन्नस पाहिले तर त्यात अवघड असे काही नाही: पावाचे वाळवलेले तुकडे, बटरवर परतलेला कांदा आणि सेलरी, सेज, थाइम आणि पार्सली ही सुगंधी पाने, आणि हे सगळे भिजवायला टर्कीचा किंवा कोंबडीचा स्टॉक, म्हणजे उकळून काढलेला अर्क. तरीही नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारसाठी हे पहिल्यांदाच घरी करणाऱ्याला काही निर्णय आधी घ्यावे लागतात, आणि त्यांतला सर्वांत मोठा म्हणजे मिश्रण पक्ष्याच्या पोटात भरून भाजायचे की वेगळ्या ट्रेमध्ये. माझा कल ट्रेकडे आहे. पण दुसऱ्या बाजूचे म्हणणे मुळीच पोकळ नाही, म्हणून आधी तेच पाहू.

पोटात भरलेल्या स्टफिंगची चव ट्रेमधल्याला सहजासहजी येत नाही. टर्की भाजली जात असताना तिचा रस आणि वितळलेली चरबी तीन-चार तास पावात मुरत राहते. आपल्या भरल्या वांग्यात मसाला वांग्याला चव देतो; इथे प्रकार उलटा आहे, बाहेरचा पक्षी आतल्या पावाला चव देतो. अशा स्टफिंगचा पोत एकसारखा मऊसर, दमट आणि चमच्याने उचलावा असा असतो. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच खाल्ले गेले आहे, तिथे ट्रेमधले स्टफिंग कितीही चांगले झाले तरी ‘हे ते नव्हे’ असेच म्हटले जाणार, आणि ते म्हणणे खोटेही नसते.

अडचण उष्णतेची आहे. कच्च्या टर्कीत साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू असू शकतात आणि पावात मुरणारा रस सुरुवातीला कच्चाच असतो. म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम असा, की केवळ मांसाचे नव्हे तर स्टफिंगच्या अगदी मध्यभागाचे तापमानही १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७४ अंश सेल्सिअसपर्यंत गेले पाहिजे. ओव्हनची उष्णता पोटातल्या त्या गोळ्याच्या गाभ्यापर्यंत सर्वांत शेवटी पोहोचते, आणि ती तिथे पोहोचेपर्यंत छातीचे मांस केव्हाच शिजून कोरडे पडू लागलेले असते. त्याच खात्याच्या तक्त्यानुसार ३२५ अंश फॅरनहाइटवर (पुढचे अंशही फॅरनहाइटच) १२ ते १४ पौंडांच्या रिकाम्या टर्कीला ३ ते पावणेचार तास लागतात, तर भरलेल्या टर्कीला साडेतीन ते ४ तास. हा पंधरा ते तीस मिनिटांचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण छातीच्या मांसाला तो चांगलाच जाणवतो.

तरीही पोटातच भरायचे ठरवले, तर काही पथ्ये टाळता येण्यासारखी नाहीत. मिश्रण एका पौंडामागे पाऊण कप या हिशेबाने, सैलसर भरावे, कारण पाव रस शोषून फुगतो आणि दाबून भरलेला गोळा आतून लवकर तापत नाही. आदल्या रात्री टर्की भरून फ्रिजमध्ये ठेवण्याचा मोह टाळावा. भरली की लगेच ओव्हनमध्ये गेली पाहिजे. थर्मामीटरशिवाय हा मार्ग धरूच नये, कारण वरून सोनेरी झालेली कातडी आतल्या पावाबद्दल काहीही सांगत नाही. शिवाय टर्की मिठाच्या पाण्यात मुरवलेली असेल, तर तिचा रस खारट असतो आणि तो सगळा खारेपणा पावात उतरतो. अशा वेळी स्टफिंगमध्ये मीठ जवळजवळ घालूच नये.

ट्रेमध्ये हे सगळे प्रश्न एकदम सुटतात आणि वर एक गोष्ट पदरात पडते, ती म्हणजे खरपूस पापुद्रा. उथळ ट्रेमध्ये वरचे तुकडे कुरकुरीत, कडा बटरमध्ये तळल्यासारख्या आणि मधला भाग मऊ असा तिहेरी पोत मिळतो. पोटातल्या स्टफिंगला कुरकुरीतपणा मिळणे शक्यच नाही. प्रमाणही हवे तेवढे घेता येते. वेळेचे गणितही जुळते: टर्की ओव्हनबाहेर काढल्यावर कापण्याआधी तिला अर्धा-पाऊण तास विसावा द्यावाच लागतो, आणि तेवढ्या वेळात रिकाम्या झालेल्या ओव्हनमध्ये ३५० अंशांवर ट्रे भाजून निघतो, आधी फॉइल लावून, मग शेवटची १५-२० मिनिटे उघडा.

राहिला प्रश्न चवीचा. टर्कीच्या पोटात पिशवीत घालून दिलेली मान, हृदय आणि पोटाचा स्नायू कांदा-सेलरीच्या देठांबरोबर दीड-दोन तास मंद आचेवर उकळल्यास जो स्टॉक निघतो, तो ट्रेमधल्या स्टफिंगची बरीच उणीव भरून काढतो. काळीज (यकृत) मात्र त्यात टाकू नये, स्टॉक कडवट होतो. ज्यांना आणखी पुढे जायचे असेल त्यांनी टर्कीचे दोन-तीन पंख आधी तांबूस परतून मिश्रणावर रचावेत आणि ट्रे तसाच भाजावा. पंखांची चरबी पावात उतरते आणि पोटातल्या चवीच्या बरेच जवळ जाता येते. मात्र पंखही मांसच असल्याने ते पूर्ण शिजेपर्यंत ट्रे ओव्हनमध्ये ठेवावा लागतो आणि वेळ वाढतो, हे धरून चालावे.

परदेशातल्या मराठी घरांत निर्णय बहुतेक वेळा याच ठिकाणी लागतो, कारण पाहुण्यांत शाकाहारी मंडळी असतातच. पोटातून काढलेले स्टफिंग त्यांच्या कामाचे नाही. ट्रे दोन करावेत, एक टर्कीच्या स्टॉकचा आणि एक भाज्यांच्या स्टॉकचा. दुसऱ्यात वाळवलेले मशरूम भिजवलेले पाणी घातले, तर चवीला गाभा येतो. दोन्ही ट्रेंचे चमचे वेगळे ठेवायला विसरू नये.

पाव कोणता?

पारंपरिक कृतीत साधा पांढरा पाव असतो, आणि मऊ, घरगुती, जुन्या पद्धतीची चव हवी असेल तर तोच घ्यावा. खडबडीत कवचाचा सावरडो (आंबवलेल्या पिठाचा पाव) घेतला तर तुकडे आपला आकार धरून ठेवतात आणि किंचित आंबटपणा बटरच्या जडपणाला छेद देतो; ट्रेसाठी मला हाच अधिक पसंत आहे, पण कवच फार जाड असेल तर ते चिवट लागते आणि थोडे काढून टाकावे लागते. ब्रिऑश (अंडे-बटरचा) किंवा खाला (अंडे-तेलाचा) हे पाव दिसायला मोहक असतात, मात्र त्यांचा गोडवा सेजबरोबर नीट बसत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यांत स्टफिंग मक्याच्या पावाचे करतात आणि त्याला ड्रेसिंग म्हणतात. तो पाव भुसभुशीत असल्याने अंड्याशिवाय बांधला जात नाही, आणि दळदार, किंचित रवाळ असा तो एक स्वतंत्रच पदार्थ होतो.

पावाच्या जातीपेक्षा तो किती वाळला आहे याला मी जास्त महत्त्व देतो. अनेक कृतींत ‘शिळा पाव घ्या’ एवढेच लिहिलेले असते, पण शिळा होणे आणि वाळणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पिशवीत शिळा झालेला पाव कडक लागतो तो त्यातल्या स्टार्चचे पुन्हा स्फटिक बनल्यामुळे. पाणी बरेचसे आतच असते. असा पाव स्टॉक कमी पितो आणि भाजल्यावर गिच्च होतो. म्हणून ताजा पाव घेऊन त्याचे अर्ध्या-पाऊण इंचाचे तुकडे २७५ अंशांच्या ओव्हनमध्ये, अधूनमधून खालीवर करत, साधारण ४५ मिनिटे वाळवणे हा खात्रीचा मार्ग आहे. एक तुकडा बोटांनी मोडून पाहावा. तो मध्यापर्यंत कट्कन तुटला पाहिजे, आत मऊ लागला तर आणखी दहा मिनिटे द्यावीत. हे काम दोन-तीन दिवस आधी उरकून तुकडे बंद डब्यात ठेवता येतात.

एक पौंड पावाला ११३ ग्रॅमची बटरची एक कांडी, दोन मध्यम कांदे, सेलरीचे तीन-चार देठ आणि दोन ते अडीच कप स्टॉक हे बेताचे प्रमाण आहे. स्टॉक एकदम ओतू नये. दोन कप घालून दहा मिनिटे थांबावे, मग मूठभर मिश्रण हातात हलके दाबावे: ते एकत्र राहिले, पण बोटांमधून पाणी निथळले नाही, तर पुरे. पोटात भरायचे असेल तर याहून कोरडे ठेवावे, कारण उरलेला ओलावा पक्षीच पुरवतो.

मक्याचा पाव सोडला, तर अंडे घालायचे की नाही, हा केवळ आवडीचा भाग आहे. घातले तर स्टफिंग वडीसारखे कापता येते, न घातले तर मोकळे राहते.

आणि डब्यातले?

स्टोव्ह टॉप हे तयार मिश्रण जनरल फूड्स कंपनीने १९७२ मध्ये बाजारात आणले. ते विकसित करण्याचे श्रेय कंपनीतल्या गृहविज्ञानतज्ज्ञ रूथ सीम्स यांना दिले जाते, आणि पावाच्या तुकड्याचा नेमका आकार ही त्यातली कळीची बाब होती. पाणी आणि बटर उकळायचे, मिश्रण घालायचे, झाकून पाच मिनिटे ठेवायचे, की झाले. दोघांच्या जेवणासाठी किंवा ओव्हन अजिबात मोकळा नसेल तेव्हा ते घेण्यात कमीपणा नाही. पण ते खारट असते, आणि शेगडीवरच होत असल्याने त्याला पापुद्रा येत नाही. वेळच वाचवायचा असेल तर मधला मार्ग बरा: मसाला न लावलेले वाळवलेले पावाचे तुकडे विकत मिळतात ते घ्यावेत आणि कांदा, सेलरी, बटर, सेज घरचे वापरावे. पाव वाळवण्याचा वेळ वाचतो आणि चवीत फारसा फरक पडत नाही.

कांदा-सेलरी आदल्या दिवशी परतून फ्रिजमध्ये ठेवता येते. पावात ती भाजण्याआधीच मिसळावी. उरलेले स्टफिंग ओव्हनमधून बाहेर आल्यापासून दोन तासांच्या आत उथळ डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवावे, आणि पोटात भरलेले असेल तर ते सगळे बाहेर काढून, टर्कीच्या सांगाड्यात न ठेवता. तीन-चार दिवस ते चांगले राहते. गरम करताना मात्र पुन्हा १६५ अंशांपर्यंत न्यावे.