प्रेझेंटमॉन काही महिने वापरल्यावर: एफपीएस नक्की अडतात कुठे?

प्रेझेंटमॉन म्हणजे गेमची प्रत्येक फ्रेम किती वेळात आली ते मोजणारं सॉफ्टवेअर, आणि एफपीएस म्हणजे सेकंदाला येणाऱ्या फ्रेम. आधी मशीन सांगतो म्हणजे पुढचं कळेल. रायझन 5 5600 प्रोसेसर, बी450 बोर्ड, 16 जीबी डीडीआर4 रॅम, आरटीएक्स 4060 ग्राफिक्स कार्ड आणि 1080पी 144 हर्ट्झचा मॉनिटर. आपल्याकडे लाखभराच्या आतबाहेरचं बजेट असलेल्या बऱ्याच जणांकडे साधारण असंच काहीतरी असतं, आणि सगळ्यांचा प्रश्नही एकच, की एफपीएस कमी येतायत तर आता काय बदलू, कार्ड (जीपीयू) का प्रोसेसर (सीपीयू)?

उत्तर शोधायला लोक दोन गोष्टी करतात. एक म्हणजे नेटवरचे बॉटलनेक, म्हणजे अडथळा, सांगणारे कॅल्क्युलेटर, ज्यात दोन नावं टाकली की टक्के येतात. माझं स्पष्ट मत, ते बघूच नका, कारण गेम कुठला, सेटिंग काय, रिझोल्युशन किती हे बदललं की अडथळाच बदलतो, मग एकच आकडा खरा कसा असेल? दुसरं म्हणजे टास्क मॅनेजर उघडून "सीपीयू 40 टक्केच आहे, म्हणजे तो निवांत आहे" असं ठरवणं. 5600 ला 12 थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या 12 रांगा, आहेत, त्यातला एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण वापरात तो जेमतेम 8 टक्के दिसतो, आणि बऱ्याच गेमचं मुख्य काम एकाच थ्रेडवर चालतं. तो एक थ्रेड अडला की बाकीचे अकरा मोकळे असून काही उपयोग नाही.

म्हणून प्रेझेंटमॉन. इंटेलचं आहे, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, एनव्हिडिया आणि एएमडीच्या कार्डांवर पण चालतं. कॅपफ्रेमएक्स किंवा फ्रेमव्ह्यू ही एफपीएस मोजणारी सॉफ्टवेअर वापरली असतील तर ते आतून यावरच उभे आहेत. 2023 च्या ऑगस्टमध्ये यात "जीपीयू बिझी" नावाचं माप आलं आणि माझ्यासाठी सगळा फायदा तिथेच आहे. पोळ्या करताना एक जण लाटतोय आणि दुसरा भाजतोय असं समजा. लाटणारा सीपीयू, भाजणारा जीपीयू. फ्रेम टाइम म्हणजे एक पोळी ताटात पडून पुढची पडेपर्यंतचा वेळ आणि जीपीयू बिझी म्हणजे त्यातला तवा खरोखर कामात असलेला वेळ. दोन्ही आकडे जवळपास सारखे असतील तर कार्डच तुमची मर्यादा. फ्रेम टाइम 12 मिलिसेकंद आणि जीपीयू बिझी 7 असेल तर कार्ड वाट बघत बसलंय, नवीन कार्ड घेऊन तिथे काही मिळणार नाही.

सायबरपंक या गेममध्ये हे फार छान दिसतं. शहराबाहेर मोकळ्या रस्त्यावर आलेखातल्या फ्रेम टाइम आणि जीपीयू बिझीच्या दोन्ही रेषा चिकटून चालतात, आणि बाजारात गर्दीत शिरलं की फ्रेम टाइम वर जातो पण जीपीयू बिझी तिथेच राहतो. तिथे मी टेक्स्चर, सावल्या कमी करून बघितल्या, डीएलएसएस (कमी रिझोल्युशनवर चित्र काढून मोठं करायची सोय) क्वालिटीवरून परफॉर्मन्सवर आणलं, एफपीएस जवळपास तेवढेच. गर्दीची घनता कमी केली की लगेच फरक, रे ट्रेसिंग (प्रकाशाची खरी वाट मोजून चित्र काढणं) बंद केलं की अजून फरक, कारण रे ट्रेसिंगचं ओझं सीपीयूवर पण येतं हे बरेच जण विसरतात. काउंटर-स्ट्राइक 2 मध्ये तर लो सेटिंगला जीपीयू बिझी कायम बराच खाली, तिथे माझ्या मशीनवर सगळा खेळ प्रोसेसर आणि रॅमचा.

रॅमवरून आठवलं, हे जरूर तपासा. माझं मशीन दुकानातून जोडून आलं तेव्हा 3200 ची रॅम 2400 वरच चालत होती, एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्यावर लिहिलेल्या वेगाने चालवायची सेटिंग, चालूच केलं नव्हतं. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर स्पीड लिहिलेला असतो तो बघा, आणि एकच स्टिक असेल तर दुसरी टाका, चार स्लॉटच्या बोर्डावर दोन्ही स्टिक सहसा सीपीयूपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी चालू केल्यावर सरासरी एफपीएस थोडे वाढले पण 1 टक्का लो, म्हणजे सगळ्यात संथ 1 टक्का फ्रेमचे एफपीएस, बऱ्यापैकी सुधारले, म्हणजे मधले झटके कमी झाले, आणि खेळताना हातांना जाणवतं ते तेच. यात एक रुपया खर्च नाही.

आता मर्यादा. जीपीयू बिझी हे माप कार्ड थांबलंय एवढं सांगतं, कोणासाठी थांबलंय ते सांगत नाही. व्ही-सिंक किंवा फ्रेम कॅप (एफपीएसवर मर्यादा घालणाऱ्या सेटिंग) चालू असेल तरी जीपीयू बिझी कमीच दिसणार आणि तुम्ही उगाच प्रोसेसरला दोष देणार, म्हणून टेस्टच्या आधी ते बंद करा. फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम कार्डाने स्वतः बनवणं) पण बंद करा, त्यातल्या वाढीव फ्रेम सीपीयूने तयार केलेल्याच नसतात. 8 जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) भरली तर वेगळीच गंमत, कार्ड 99 टक्के वापर दाखवतं पण एफपीएस पडलेले. तेव्हा मी कार्ड किती वॅट वीज घेतंय ते बघतो. 4060 ची मर्यादा 115 वॅट आहे, 99 टक्के दाखवून ते त्याच्या बरंच खाली असेल तर मला आधी व्हीरॅमचा संशय येतो. 4060 ला पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्डामधल्या रस्त्याच्या, आठच लेन आहेत आणि बी450 वर त्या जुन्या 3.0 वेगाने चालतात, त्यामुळे व्हीरॅम भरून डेटा साध्या रॅममध्ये सांडला की आमच्यासारख्यांना जास्त लागतं. टेक्स्चर एक पायरी खाली आणा, बहुतेक वेळा सुटतं.

आणि तापमानाचा आकडा सोबत स्क्रीनवर लावून ठेवा, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मी नागपूरचा. डिसेंबरमध्ये जो गेम सरळ कार्डवर अडायचा तोच मे महिन्यात दुपारी सीपीयूवर अडायला लागला, सेटिंग तीच. 5600 ची मर्यादा 90 अंश, सोबत आलेला छोटा कूलर खोलीच त्या उन्हात तापलेली असताना पुरत नाही, आणि क्लॉक (प्रोसेसरचा वेग) खाली आला की फ्रेम टाइम वर. साधा टॉवर कूलर लावला आणि कॅबिनेटच्या जाळीतली धूळ काढली, तो प्रश्न मिटला. विदर्भ-मराठवाड्यातल्या लोकांनी टेस्ट उन्हाळ्यात दुपारी पण करावी असं मी मनापासून सांगेन.

प्रोसेसर मी अजून बदललेला नाही. 5700एक्स3डी याच बोर्डावर बायोस अपडेट करून बसतो आणि त्यात 32 च्या जागी 96 एमबी एल3 कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) आहे, गर्दीच्या जागांना त्याचा फायदा होतो. पण मी जास्त वेळ जे गेम खेळतो त्यांत दोन्ही रेषा चिकटलेल्याच आहेत, तेव्हा पैसे साठवतोय ते पुढच्या कार्डसाठी, आणि या वेळी 8 जीबीपेक्षा जास्त व्हीरॅमचंच घेणार.