जुनी जीप बनवायला देताय? पुढचा ॲक्सल आतून पोकळ निघू शकतो

४,८५,००० रुपये गेले. जीप २,१०,०००, फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद) आणि पॉवर स्टिअरिंग १,१५,०००, इंजिनकाम ७८,०००, पाच गियरचा बॉक्स ४५,०००, टिंकरिंग-रंग ३७,०००. नागपूरच्या एका गॅरेजवाल्याने महिंद्रा एमएम ५४० म्हणून एवढे पैसे घेतले आणि फक्त मागच्या चाकांवर चालणारी गाडी हातात दिली.

पहिल्या पावसात पांधणीत, म्हणजे शेताच्या वाटेत, गाडी फसली. मागचं एक चाक काळ्या मातीत गरगर फिरून खड्डा करत होतं, पुढची दोन्ही ढिम्म. पुढच्या चाकाचा हब (मधला तुंबा) उघडला तर चाक फिरवणाऱ्या शाफ्टच्या जागी कोरडी पोकळी. ॲक्सलच्या मधली गियरची पेटी म्हणजे डिफरन्शियल, तिचा ड्रेन नट काढला तर तेलाचा थेंब नाही, नुसता गंजाचा भुगा पडला. आत ना क्राऊन गियर, ना शाफ्ट. वरून मात्र चकाचक काळा रंग.

हे ताबा घेतानाच कळायला हवं होतं, याचीच चीड जास्त येते. गॅरेजच्या सिमेंटच्या अंगणात त्याने हब लॉक केले (म्हणजे पुढची चाकं शाफ्टला जोडली), लिव्हर फोर हायवर (चारही चाकांवर) टाकली आणि स्टिअरिंग पूर्ण कापून गाडी वळवली. गाडी लोण्यासारखी वळली. खरी फोर बाय फोर अशी वळतच नाही. या जीपला पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मधला डिफरन्शियल नसतो. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी, त्यामुळे कोरड्या टणक जमिनीवर गाडी अडखळते, स्टिअरिंग जड होतं, टायर घासतात. पण नवीन पॉवर स्टिअरिंग बसवलेलं, तेव्हा हलकं लागणारच, असं कोणालाही वाटलं असतं. रस्त्यावर फोर व्हील लावून दाखव म्हटलं तर म्हणाला, "डांबरावर लावू नका भाऊ, गियर तुटतील." ही गोष्ट खरीच आहे, म्हणून विश्वास बसला. अर्धा किलोमीटरवर मुरमाचा रस्ता होता, तिकडे मात्र तो आला नाही.

तपासायला पाच मिनिटं लागतात, राजेहो. मागच्या चाकांना दगड लावा, लिव्हर टू व्हीलवर ठेवा, हब लॉक करा, पुढचं एकच चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा. गाडीखालचा पुढचा प्रॉपेलर शाफ्ट (पुढच्या ॲक्सलकडे जाणारा लांब दांडा) फिरलाच पाहिजे. मग हँडब्रेक ओढा, फोर हाय टाका, पहिला गियर टाका. आता तेच चाक फिरता कामा नये. "गॅरेजच्या तपासणीच्या खड्ड्यात पाणी भरलंय, खालून दाखवता येत नाही" असं ऐकलं की पैसे खिशातच ठेवा.

इंजिनातही तेच. बिलावर क्रँक ग्राइंडिंग (इंजिनाचा मुख्य दांडा घासून गुळगुळीत करणं) लिहिलंय, खालचं तेलाचं चेंबर खोललं तर बेअरिंगं स्टँडर्ड मापाची. क्रँक घासला तर बेअरिंग ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर जाड मापाचंच लागतं, तो आकडा पाठीवर ठोकलेला असतो. जुने काढलेले पार्ट मोजून परत घ्या. चेसिसवर पाट्यांच्या हँगरजवळ चुंबक फिरवा, पुट्टी असेल तिथे तो धरत नाही.

आता तक्रारीचं ऐका. ठाण्यात म्हणाले, हा दिवाणी मामला आहे. दुसऱ्यांदा म्हणाले, व्यवहार नागपूरचा, तिकडे जा. आरटीओत म्हणाले, आम्ही चेसिस नंबर पाहतो, ॲक्सल खोलत नाही. गॅरेजवाला निवांत, आणि कास्तकाराने सोयाबीनची पेरणी टाकून हेलपाटे मारायचे! १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्याला माहिती नोंदवावीच लागते. फसवून पैसे घेण्याला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) आहे. हे कलम हवालदाराला आपण वाचून दाखवायचं का? नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज टपालाने पाठवा, पोचपावती जपा.

नागपूरच्या चकरा मारायची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत २ वर्षं. पण तिथे कागद बोलतो. आमचे १,६०,००० फोनवरून गेलेत, ते दिसतात. ३,२५,००० रोख, त्यांची कच्ची पावती आहे आणि तीवर "४x४ काम" एवढंच लिहिलंय. तुमच्या पावतीवर प्रत्येक पार्टचं नाव, जुना की नवा, आणि ॲक्सल उघडा असतानाचा फोटो घेतल्याशिवाय दुसरा हप्ता देऊ नका.