हुमणीवरची मेटारायझियम पावडर : माल चांगला, घाई नडते

कृष्णाकाठच्या उसात पिवळं पडलेलं बेट ओढलं की अलगद हातात येतं आणि मुळाशी अर्धगोल वळलेली, पांढरी, गलेलठ्ठ अळी सापडते. हीच हुमणी. बघूनच किळस येते. अंड्यातून निघाल्यापासून कोषात जाईपर्यंत ती मातीतच असते. तिथं रंगाचा उपयोग नाही, आणि वाढायचं असल्यानं अंगावर टणक कवचही नाही. कातडी इतकी पातळ, की पोटातली माती शेपटाकडं काळपट दिसते. तिचाच भुंगेरा मात्र तपकिरी, टणक, आखीव. त्याला बघून कुणी नाक मुरडत नाही.

हीच पातळ कातडी मेटारायझियम पावडरीच्या कामाची. मेटारायझियम म्हणजे किडीला मारणारी बुरशी. अळीनं काही खायला लागत नाही. बुरशीचे बीजाणू अंगाला चिकटून रुजतात आणि कातडी भेदून आत वाढतात. मेलेल्या अळीवर आधी पांढरी, मग हिरवी बुरशी चढते. हिरवी अळी दिसली की पैसे वसूल समजा.

मात्रा हेक्टरी २० किलो, म्हणजे एकरी ८. चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून संध्याकाळी मुळालगत टाकायची, मातीआड करायची, वाफसा, म्हणजे मातीची बेताची ओल, टिकवायचा. कोरड्या रानात टाकली तर बीजाणू रुजत नाहीत आणि दोष पाकिटाला लागतो. सोबत बुरशीनाशकाची आळवणी केली, म्हणजे त्याचं पाणी मुळाशी ओतलं, तर स्वतःच्याच हातानं ही बुरशी मारणं.

खरी अडचण वेळेची. पावसाळ्याच्या सुरुवातीला, अळी लहान असताना ही पावडर उत्तम चालते. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या अवस्थेतल्या जाड अळीवर असर उशिरा दिसतो आणि तोवर मुळं खाऊन झालेली असतात. त्या वेळी दुकानात धावत जाणाऱ्यानं ही घेऊ नये. चार दिवसांत निकाल हवा असणाऱ्यानंही नको.

पाकिटावर ग्रॅमला किमान १० कोटी सीएफयू (रुजू शकणाऱ्या जिवंत बीजाणूंची मोजणी) आणि मुदतीची तारीख बघा. दुकानात उन्हाच्या फळीवर ठेवलेला माल स्वस्तात मिळाला तरी नको.

उकिरड्यातली प्रत्येक पांढरी अळी हुमणी नव्हे, हेही ध्यानात ठेवा. पाठीवर पडून सरकणारी कुजका पाला खाणारी असते. तिच्यावर पावडर वाया घालवू नका.

नुसत्या पावडरीवर विसंबूनही भागत नाही. वळवाचा पहिला मोठा पाऊस झाला की दिवेलागणीनंतर कडुनिंब, बाभूळ, बोरीच्या फांद्या हलवून भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाका. अंडी घालायच्या आधी सापडलेली मादी एकरी ८ किलोपेक्षा स्वस्त पडते.