मिल्स अँड बून की जॉर्जेट हेयर? इंग्रजी प्रणयकादंबरीची सुरुवात करताना

इंग्रजीतली प्रणयकादंबरी एकदा वाचून पाहावी असे मनात असणाऱ्या मराठी वाचकाला जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आणि खासगी वाचनालयांत सर्वांत आधी भेटतात त्या मिल्स अँड बूनच्या पातळ कादंबऱ्या. थोडी चौकशी केली की दुसरे नाव कानावर येते ते जॉर्जेट हेयर (१९०२–१९७४) या लेखिकेचे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचे, रीजन्सी काळातले इंग्लंड हा तिचा खास प्रांत, आणि आज रीजन्सी प्रणयकादंबरी म्हणून जो प्रकार ओळखला जातो त्याची घडण मुख्यतः तिचीच आहे. या दोहोंपैकी आधी कोणते हाती घ्यावे, एवढाच येथे प्रश्न आहे.

मिल्स अँड बून ही संस्था लंडनमध्ये १९०८ साली स्थापन झाली तेव्हा ती सर्व प्रकारची पुस्तके काढत असे. वाचनालयांतून भाड्याने पुस्तके नेणाऱ्या वाचकवर्गाकडे पाहून तिने १९३०च्या दशकात प्रणयकादंबरीवर भर दिला. पुढे १९७१ मध्ये कॅनडातील हार्लेक्विनने ती विकत घेतली. गंमत अशी की हेयरचीही एक कादंबरी याच प्रकाशकाने १९२३ साली, स्टेला मार्टिन या टोपणनावाने, छापली होती. नंतर मात्र त्यांचे मार्ग वेगळे झाले.

दोन्हीकडे शेवट गोडच होणार हे ठरलेले असते, आणि कोण कोणाचे होणार हेही वाचकाला फार काळ लपून राहत नाही. त्यामुळे निवड करताना शेवट कसा आहे हे न पाहता मधला अडसर कोठे आहे हे पाहावे. मिल्स अँड बूनच्या ‘मॉडर्न’ मालिकेतली कादंबरी सुमारे ५०,००० शब्दांची असते. एवढ्या जागेत आजूबाजूच्या माणसांना फारसा वाव नसल्यामुळे अडसर बहुधा दोघांच्या मनातच असतो: जुनी फसवणूक, अहंकार, एखादा गैरसमज, किंवा लपवून ठेवलेले मूल. नायक श्रीमंत, अनेकदा ग्रीक किंवा इटालियन, आणि नायिका त्याच्या कार्यालयात किंवा बंगल्यात काहीतरी करारापोटी आलेली, ही मांडणी इतकी रुळलेली आहे की मुखपृष्ठावरचे नाव वाचूनच अर्धे कथानक कळते. ही उणीव आहे असे मी मानत नाही. दमलेल्या संध्याकाळी वाचकाला नेमके काय हवे आहे हे ठाऊक असते आणि ते त्याला मिळते.

हेयरकडे अडसर समाजात असतो. वडिलांचे कर्ज, धाकट्या भावंडांची जबाबदारी, घराण्याचे नाव, आणि ऑल्मॅक्स या नृत्यगृहाचे प्रवेशपत्र देणाऱ्या उमराव स्त्रियांची मर्जी, या सर्वांतून वाट काढत दोन माणसे एकमेकांजवळ येतात. १७५३च्या कायद्याने इंग्लंडमध्ये एकवीस वर्षांखालच्या तरुणांना पालकांच्या संमतीवाचून लग्न करणे अवघड करून ठेवले होते आणि स्कॉटलंडला तो लागू नव्हता. म्हणून सीमेपलीकडच्या ग्रेटना ग्रीनला पळून जाण्याचा बेत तिच्या पुस्तकांत वारंवार येतो आणि तितक्याच वेळा हास्यास्पद रीतीने फसतो. मराठी वाचकाला हे जग वाटते तितके परके नाही. लंडनचा ‘सीझन’ म्हणजे उपवर मुलींना घेऊन आयांनी मांडलेला, महिनोन्‌महिने चालणारा कांदेपोह्यांचा कार्यक्रमच असतो, आणि स्थळाची चौकशीही तितकीच बारकाईने होते.

भाषेच्या बाबतीत मिल्स अँड बून निःसंशय सोपी आहे. हेयरने त्या काळातले बोलीप्रयोग वह्यांतून टिपून ठेवले होते आणि ती ते सढळ हाताने वापरते. त्यामुळे पहिली चाळीस-पन्नास पाने अडखळतच जातात. पुढे कान सरावतो, आणि संवादांतला विनोद हाच तिचा खरा ठेवा असल्याचे लक्षात येते. शृंगाराची अपेक्षा असेल तर मात्र तिच्याकडे जाऊ नये, कारण बहुतेक वेळा शेवटच्या पानावरच्या मिठीपलीकडे ती जात नाही. ‘मॉडर्न’ मालिका याबाबतीत मोकळी असते. घरातल्या शाळकरी वाचकाच्या हाती पुस्तक देण्याआधी मालिकेचे नाव पाहावे.

काळाचे डाग दोन्हीकडे आहेत. मिल्स अँड बूनच्या जुन्या कादंबऱ्यांतला दांडगाई करणारा नायक आज खटकतो. हेयरच्या ‘रीजन्सी बक’मध्ये (१९३५) नायक सुरुवातीच्याच एका भेटीत नायिकेचे बळजबरीने चुंबन घेतो, आणि ‘द ग्रँड सोफी’मधले (१९५०) ज्यू सावकाराचे चित्रण उघडउघड द्वेषमूलक आहे.

मिळण्याच्या दृष्टीने पाहिले तर मिल्स अँड बूनची पुस्तके दरमहा नवी येतात आणि जुनी झपाट्याने नाहीशी होतात. इंग्लंडमधला एम-६ टोल रस्ता बांधताना अशा सुमारे २५ लाख जुन्या प्रतींचा लगदा डांबरात मिसळला होता. म्हणून तेथे एखाद्या विशिष्ट पुस्तकाच्या मागे न लागता मालिका निवडावी. हेयरची पुस्तके सतत पुनर्मुद्रित होत असतात. फक्त तिने रहस्यकथाही लिहिल्या आहेत, तेव्हा विकत घेताना पाठमजकूर वाचावा.

माझे मत विचाराल तर, इंग्रजी वाचनाची सवय बेताची असल्यास मिल्स अँड बूनच्या दोन-तीन कादंबऱ्यांनी सुरुवात करावी. ती सवय असल्यास थेट हेयरची ‘फ्रेडरिका’ (१९६५) घ्यावी. कंटाळलेला सदतीस वर्षांचा मार्क्विस (वरच्या दर्जाचा उमराव), चार भावंडांचा संसार सांभाळणारी चोवीस वर्षांची नायिका, आणि वाफेच्या यंत्रांनी झपाटलेला तिचा धाकटा भाऊ यांच्यामुळे ती कादंबरी प्रेमकथेइतकीच कुटुंबकथा झाली आहे. हेयरचा काळ आवडला पण तिचा संकोच आवडला नाही, असे झाले तर मिल्स अँड बूनच्याच ‘हिस्टॉरिकल’ मालिकेत रीजन्सी काळातल्या पुष्कळ कादंबऱ्या आहेत; त्यांत हेयरची विनोदबुद्धी क्वचितच सापडते, पण शयनगृहाचे दार उघडे असते.